वर्ल्ड टाइम घड्याळ: रोझ गोल्ड, व्हाइट गोल्ड की प्लॅटिनम? मदत हवी आहे

मंडळी, दादाच्या पन्नाशीला आम्ही सगळे मिळून त्याला वर्ल्ड टाइम घड्याळ (जगभरच्या शहरांची वेळ एकाच वेळी दाखवणारं) घेतोय, बाणेरच्या ऑफिसातून त्याचे रात्री-अपरात्री अमेरिकेचे कॉल चालू असतात म्हणून. मन पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या ५२३० मॉडेलवर बसलंय, ३८.५ एमएमचं, पण धातूवरून घरात नुसती वादावादी. वहिनीला रोझ गोल्ड हवं, ते लांबूनच सोनं दिसतं. मला प्लॅटिनम, त्याच्या कडेवर सहा वाजतात त्या बाजूला बारीक हिरा असतो, ओळखणारा बरोब्बर ओळखतो, पण १८ कॅरेट सोन्यापेक्षा चांगलंच जड, रोज टायपिंग करताना मनगटाला जाणवेल का? आणि चरे पडले तर आपल्याकडे धड पॉलिश कोण करून देतं? व्हाइट गोल्ड मधला मार्ग, पण एवढे पैसे घालून लोकांना स्टीलच वाटणार (पुणेकरांना तेच आवडेल म्हणा!).

अजून एक घोळ, ५२३० च्या शहरांच्या रिंगवर कराची आहे, ढाका आहे, आपली जीएमटीपेक्षा साडेपाच तास पुढची वेळच नाही. व्हॅशेरॉन या दुसऱ्या स्विस कंपनीच्या वर्ल्ड टाइममध्ये ३७ टाइमझोन येतात, अर्ध्या तासाचे धरून, पण ते आकाराने मोठं आणि दादाचं मनगट बारीक. कोणी प्लॅटिनम रोज वापरतं का? पुण्यात हातात घालून बघायला मिळेल का, की मुंबई गाठावी लागेल?