ग्रेट ऑक कोणी संपवला? त्या तीन कोळ्यांनी की गिऱ्हाइकांनी?

उत्तरवारा:
जून १८४४ च्या सुरुवातीला आइसलँडजवळच्या एल्डे नावाच्या खडकावर तीन कोळी उतरले. योन ब्रान्सन, सिगुर्दुर इस्लेइफ्सन आणि केटिल केटिलसन. पहिल्या दोघांनी ग्रेट ऑक या समुद्रपक्ष्याची जोडी पकडून गळा दाबून मारली आणि त्यानंतर जिवंत ऑकची खात्रीशीर नोंद नाही. तेव्हापासून जो तो हीच तीन नावं घेतो, यांनी पक्षी संपवला म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. अडीच फुटी, पाच किलोचा पक्षी, उडता येत नाही, जमिनीवर येतो तो फक्त विणीपुरता आणि वर्षाला घालतो एकच अंडं. असा पक्षी अख्ख्या उत्तर अटलांटिकमधून नाहीसा व्हायला तीन माणसं पुरत नाहीत. आधी पिसांचा धंदा झाला, मग म्युझियम आणि संग्राहकांची मागणी आली. दोषी तेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

दर्याकाठ:
पिसांवर सगळं ढकलू नका हो. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ऑक खातच होते. १५३४ मध्ये जॅक कार्तिए न्यूफाउंडलंडजवळच्या फंक बेटापाशी थांबला तर अर्ध्या तासाच्या आत दोन होड्या भरून पक्षी मिळाले, ताजे खाल्ले ते वेगळेच आणि वर पिंपांत मीठ लावून ठेवले. महिनोन्महिने समुद्रावर असलेल्या खलाशाला हे आयतं ताजं मटण, तो काय पक्ष्यांची संख्या मोजत बसणार होता का? आजचे नियम त्यांना लावणं अन्याय आहे. आणि ज्वालामुखी का विसरता? १८३० मध्ये आइसलँडजवळचं गेयरफुग्लास्केर हे त्यांचं सुरक्षित बेट स्फोटात समुद्रात बुडालं, तिथे तर माणसाला उतरणंच मुश्किल होतं. ते बुडालं म्हणून उरलेले पक्षी एल्डेवर आले आणि तिथे होडी लागू शकत होती.

उत्तरवारा:
@दर्याकाठ, खलाशांच्या भुकेबद्दल मी काहीच बोलत नाहीये. पण फंक बेटावर १७८० च्या दशकात जे चाललं होतं ते भुकेसाठी नव्हतं. गाद्या-उशांच्या पिसांसाठी माणसांच्या टोळ्या उन्हाळाभर बेटावर मुक्काम ठोकायच्या. दगडांच्या भिंती रचून त्यात पक्षी हाकलायचे, मारायचे, मग गरम पाण्यात बुडवून पिसं काढायची. बेटावर झाड नाही की लाकूड नाही, मग ते पाणी कशावर तापवायचं तर आधी मारलेल्या ऑकच्याच अंगावर, चरबी इतकी की ते सरपणासारखे जळायचे. मांस तसंच टाकून द्यायचे. आणि कळत नव्हतं म्हणावं तर तेही नाही, जॉर्ज कार्टराइट नावाच्या व्यापाऱ्याने १७८५ मध्येच डायरीत लिहून ठेवलंय की हे थांबवलं नाही तर ही जात जवळजवळ उरणारच नाही. १८०० च्या आसपास फंक बेट रिकामं झालं. ज्वालामुखी त्यानंतर तीस वर्षांनी!

मीरा_पाखरं:
ज्वालामुखीवरून भर घालते. २०१९ मध्ये ४१ ऑकच्या अवशेषांमधल्या डीएनएचा अभ्यास आला होता. माणसाने जोरात शिकार सुरू करायच्या आधी हा पक्षी कमी होत चालला होता असं काही त्यात सापडलं नाही, संपायला नुसती शिकार पुरेशी होती असाच निष्कर्ष आहे. वर्षाला एकच अंडं म्हटल्यावर झालेली तूट भरून निघायला वेळ लागतोच, आपल्या माळढोकाचंही तेच दुखणं आहे.
पण @उत्तरवारा, म्हणून त्या तिघांना क्लीन चिट कशी देता? जोडी मारली ते एक, वर अंडंसुद्धा बुटाखाली चिरडलं. ते कुठल्या गिऱ्हाइकाने सांगितलं होतं?

उत्तरवारा:
बुटाची गोष्ट सगळीकडे फिरते खरी. जॉन वूली आणि आल्फ्रेड न्यूटन हे दोन पक्षीतज्ज्ञ १८५८ मध्ये ऑक शोधायला आइसलँडला गेले होते, पक्षी काही दिसला नाही पण १८४४ मध्ये एल्डेच्या खेपेला गेलेल्या लोकांना भेटून त्यांनी सगळी हकिकत लिहून घेतली. त्यात असं आहे की केटिलला लाव्हाच्या कपारीवर अंडं दिसलं, त्याने उचललं, फुटलेलं आहे बघून परत ठेवलं. बूट त्यात कुठे नाही. आणि फुटलेलं म्हणून ठेवलं यातच सगळं आलं ना? अख्ख्या अंड्याला पैसे मिळत होते! ती खेपच रेक्याविकच्या एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून निघाली होती. पक्षी जितका दुर्मिळ तितका भाव जास्त, आज म्युझियममध्ये उरलेल्या सत्तर-ऐंशी कातड्यांपैकी बहुतेक एल्डेवरचीच आहेत. पक्षी संपत आलाय हे ज्यांना सगळ्यात नीट माहीत होतं तेच ऑर्डर देत होते, याचा मला मनापासून राग येतो.

दर्याकाठ:
मग सेंट किल्डाचं काय? स्कॉटलंडजवळच्या त्या बेटांवर १८४० च्या सुमारास एक ऑक पकडला, तीन दिवस बांधून ठेवला, वादळ आलं तर ही चेटकीण आहे म्हणून मारून टाकला. तिथे ना व्यापारी ना म्युझियम.

उत्तरवारा:
तो पक्षी गेला याचं वाईटच वाटतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण सेंट किल्डाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रपक्ष्यांवर जगले आणि गॅनेट, फुलमार तिथे आजही हजारोंनी आहेत. न्यूटनने पुढे समुद्रपक्ष्यांच्या रक्षणासाठी आवाज उठवला, ब्रिटनमध्ये १८६९ चा कायदा झाला, विणीच्या हंगामात शिकार बंद. त्या कायद्यातून सेंट किल्डाला मुद्दाम वगळलं होतं. पोटासाठी मारणं वेगळं आणि धंद्यासाठी मारणं वेगळं, हा फरक तेव्हाच्या संसदेलाही कळत होता.

मीरा_पाखरं:
हा फरक मला मान्य आहे. पण मग तो एल्डेलाही लावा ना. त्या तिघांनी पक्षी घरी नेऊन शिजवले नाहीत, पैशासाठी मारले. मागणाऱ्याचा दोष मोठा, हे शंभर टक्के कबूल, पण विकायला मारणाऱ्याला तुम्ही सेंट किल्डाच्या भुकेल्या माणसाच्या पंगतीत बसवताय ते मी तरी मान्य करणार नाही.