मदत हवी आहे: बाराटांगच्या गुहा आईला झेपतील का?

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन अंदमानला जातोय. बाबांना तिथल्या बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा पाहायच्याच आहेत, पण आईचे गुडघे दुखतात.

पोर्ट ब्लेअरहून पहाटेच निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांग लावायची, पुढे मिडल स्ट्रेटला फेरीने खाडी ओलांडायची, मग स्पीडबोटीने खारफुटीतून नयाडेराच्या धक्क्यावर, आणि तिथून गुहेपर्यंत दीडेक किलोमीटर चाल, एवढं कळलंय. शेवटच्या टप्प्याचीच धाकधूक आहे. वाट जंगलातून, मुळं आणि दगड वर आलेले. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्याला जमेल का? स्पीडबोटीत चढता-उतरताना धक्क्यावर पायऱ्या आहेत की उडी मारावी लागते? आणि गाईड सावकाश चालणाऱ्यांसाठी थांबतो का? आत अंधार असतो, म्हणून टॉर्च नेणारच आहोत. छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीला हात लावायचा नाही, त्वचेच्या तेलाने तिची वाढ खुंटते, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागलीय. जिरकाटांगपासून पुढचा गाडीरस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवायला, फोटो काढायला, त्यांना खाऊ द्यायला बंदी आहे आणि ती अगदी योग्य आहे. पण तरीही आपण त्यांच्या घरातूनच जाणार. म्हणून विचारतो, समुद्रमार्गे बाराटांगला जाणारी बोट सध्या चालू आहे का? असेल तर वेळ जास्त लागला, पैसे जास्त पडले तरी आम्ही तीच घेऊ. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.