फळमाशी आणि एकूण कीटकविविधता यांचे एकत्र सर्वेक्षण: सापळ्यातील आकडे कसे वाचावेत?

प्रश्न – झुडुपी_अधिवास

उपोष्ण कटिबंधातील एका पट्ट्यात आम्ही काही विद्यार्थी वर्षभराचे कीटक सर्वेक्षण आखत आहोत. या पट्ट्यात फळबागा, वेलवर्गीय भाज्यांची शेते आणि दोहोंना लागून असलेले झुडुपी जंगल असे तीन अधिवास आहेत. तिन्ही ठिकाणच्या कीटकविविधतेची तुलना करणे हा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू म्हणजे फळमाश्यांच्या कोणत्या जाती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या फळांवर आढळतात हे नोंदवणे. हाताशी मिथिल युजेनॉल व क्यू-ल्यूर (फळमाश्यांना ओढणारी दोन रासायनिक प्रलोभके) यांचे सापळे, झाडोऱ्यावर फिरवायची जाळी, कीटक पकडायच्या पाण्याच्या पिवळ्या थाळ्या आणि एक मॅलेज सापळा (उडते कीटक अडवणारा तंबूसारखा जाळीचा सापळा) एवढी साधने आहेत.

चाचणीदाखल काही सापळे लावले तेव्हा बागेतील मिथिल युजेनॉलचे सापळे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आणि बॅक्ट्रोसेरा झोनाटा या फळमाश्यांच्या नरांनी भरून गेले. सगळ्या साधनांचे आकडे एकत्र करून विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक काढला, तर बागेचा निर्देशांक भाजीच्या शेतापेक्षाही कमी आला. जाळीत आणि थाळ्यांत मात्र बागेतील कीटकांचे प्रकार उघडपणे जास्त होते. हे आकडे एकत्र धरावेत की नाही? आणि फळमाश्यांच्या जाती व त्यांचे प्रमाण समजण्यासाठी ही दोन प्रलोभके पुरेशी आहेत का?

उत्तर – थाळी_आणि_जाळी

एकत्र धरू नयेत, आणि हा निर्णय माहिती गोळा करण्यापूर्वीच आराखड्यात लिहून ठेवावा. शॅनन निर्देशांक जातींची संख्या आणि त्यांच्यातील संख्येचा समतोल या दोन्ही गोष्टी मोजतो. एखाद्या सापळ्याने एकाच जातीचे शेकडो नर दुरून ओढून आणले की समतोल कोसळतो आणि त्याबरोबर निर्देशांकही उतरतो. म्हणजे तुमच्या बागेचा कमी आलेला आकडा बागेविषयी काही सांगत नसून मिथिल युजेनॉलच्या ताकदीविषयी सांगत आहे.

ही ताकद शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञ हॉलेट यांनी १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर आकर्षित होतात हे नोंदवले आणि १९१५ मध्ये त्यामागे मिथिल युजेनॉल असल्याचे मांडले. पुढे १९६०च्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा बेटावर मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तंतुफलकाचे (फायबरबोर्डचे) तुकडे टाकून डॉर्सालिसचे पूर्ण उच्चाटन करण्यात आले. जे प्रलोभक बेटावरच्या नरांचा नायनाट करू शकते, त्याच्या सापळ्यातील संख्या ही तेथील कीटकसमुदायाचा नमुना होऊच शकत नाही.

क्यू-ल्यूरला येणाऱ्या जातींचा प्रतिसाद याच्या मानाने बराच सौम्य असतो. जपानच्या ओकिनावा भागातून झुगोडेकस क्युकर्बिटी, म्हणजे वेलवर्गीय फळांवरील माशी, घालवण्यासाठी केवळ प्रलोभकावर भागले नाही, वंध्य केलेले नर वर्षानुवर्षे सोडावे लागले आणि ते काम १९९३ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे एका सापळ्यात डॉर्सालिसचे तीनशे आणि दुसऱ्यात क्युकर्बिटीचे तीस नर आले, तर पहिली माशी दहापट आहे असे लिहिता येणार नाही. एकाच जातीची, एकाच प्रलोभकाने, वेगवेगळ्या महिन्यांत किंवा जागांत तुलना करावी. ती ‘दर सापळ्यामागे दर दिवशी माश्या’ या मापात लिहावी. सापडलेल्या माश्यांच्या संख्येला सापळ्यांची संख्या आणि दिवस यांच्या गुणाकाराने भागले की हे माप मिळते.

विविधतेची तुलना थाळ्या आणि जाळी यांच्यावरच उभी करावी. तिन्ही अधिवासांत थाळ्यांची संख्या, रंग, आकार, जमिनीपासूनची उंची आणि ठेवण्याचा कालावधी सारखा असावा, आणि जाळी दर वेळी तेवढेच फटके मारून, शक्यतो दिवसाच्या त्याच प्रहरात फिरवावी. तरीही तिन्ही ठिकाणी हाती लागलेल्या कीटकांची संख्या वेगळी असणार, म्हणून थेट जातींची संख्या न ताडता विरळीकरणाचा वक्र (तेवढेच कीटक सापडले असते तर किती जाती दिसल्या असत्या, हे दाखवणारा आलेख) काढून समान नमुन्यावर तुलना करावी. न सापडलेल्या जातींचा अंदाज हवा असेल, तर चाओ-१ हे सोपे साधन आहे: एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करून त्याला दोनदा सापडलेल्या जातींच्या दुपटीने भागावे आणि उत्तर निरीक्षित जातींत मिळवावे. हा किमान अंदाज असतो. त्याचा सारा भार एकेकट्या सापडलेल्या जातींवर असल्यामुळे या कीटकांची ओळख घाईने उरकू नये. त्याच जातीचा नर आणि मादी दोन जाती म्हणून मोजले गेले तर अंदाज उगाच फुगतो.

मॅलेज सापळा एकच असेल तर तो तिन्ही अधिवासांत आळीपाळीने हलवण्याचा मोह होईल. तसे करू नये, असे माझे मत आहे. जागा आणि ऋतू यांचा परिणाम मग वेगळा काढता येत नाही. तो जंगल आणि बाग यांच्या सीमेवर वर्षभर एकाच जागी उभा ठेवावा आणि त्यातील नोंदी केवळ जातींची यादी व ऋतुमान यासाठी वापराव्यात.

सापळे लावतानाची एक बाब फार महत्त्वाची आहे. मिथिल युजेनॉलचा हात क्यू-ल्यूरच्या सापळ्याला लागला की त्यात डॉर्सालिसचे नर येऊ लागतात आणि पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात. दोन्हींसाठी हातमोजे, चिमटे, पिशव्या आणि साठवणीचे डबे वेगळे ठेवावेत. शक्य असेल तर एका फेरीत एकाच प्रलोभकाच्या सापळ्यांना हात लावावा. सापळा टांगलेल्या तारेला घट्ट ग्रीस लावले नाही, तर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात. तळाशी सुटे पंख आणि पाय दिसले तर ती नोंद ‘शून्य’ म्हणून न लिहिता ‘मुंग्यांमुळे बाद’ अशी लिहावी.

उत्तर – कोष_चाळणी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. ही दोन्ही प्रलोभके जवळजवळ केवळ नरांना ओढतात, आणि तेही ठरावीक जातींच्याच. डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा मिथिल युजेनॉलला येतात. क्युकर्बिटी आणि टाऊ क्यू-ल्यूरला येतात. पण वेलवर्गीय पिकांवरील डेकस सिलियाटस किंवा बोरावरील कार्पोमाया व्हेसुव्हियाना या दोन्हींपैकी कशालाच दाद देत नाहीत. केवळ सापळ्यांवर विसंबलेल्या सर्वेक्षणात या जाती नाहीतच, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शिवाय फळात डंख मारून अंडी घालते ती मादी, आणि ती या सापळ्यांत येत नाही. प्रथिनयुक्त आमिषाला नर-मादी दोन्ही येतात, त्यातही माद्या अधिक. त्याची ओढ मात्र थोड्या अंतरापुरतीच असते आणि त्यात इतर माश्याही खूप पडतात. थोडे तरी असे सापळे ठेवावेत.

खरी माहिती फळे गोळा करून त्यांतून माश्या निघू देण्यातून मिळते, आणि या कामाला तुमच्या आराखड्यात निम्मा वेळ द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. झाडावरची आणि खाली पडलेली फळे वेगवेगळी गोळा करावीत, कारण पडलेल्या फळांत माशीचे प्रमाण साहजिकच जास्त असते आणि दोन्ही मिसळली की नुकसानीचा अंदाज चढतो. डंखाच्या खुणा असलेलीच फळे निवडून आणू नयेत. निरोगी दिसणारीही तेवढ्याच सहजपणे उचलावीत. प्रत्येक फळाचे वजन करून ते वेगळ्या डब्यात, बारीक ओलसर वाळूच्या थरावर ठेवलेल्या जाळीवर ठेवावे. वाळू आधी भाजून निर्जंतुक केलेली असावी. डब्याच्या तोंडाला पातळ कापड बांधावे. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून वाळूत शिरते आणि तिथे कोषावस्थेत जाते. काही दिवसांनी वाळू चाळली की तांदळाच्या दाण्याएवढे पिवळट-तपकिरी कोष चाळणीत उरतात. ते मोजून, दर किलो फळामागे किती कोष हे लिहून, वेगळ्या बाटलीत ठेवावेत.

माशी बाहेर आल्याबरोबर तिला मारू नये. ताज्या माशीचा रंग फिका असतो, वक्षावरचे पिवळे पट्टे आणि उदरावरच्या काळ्या खुणा नीट उमटलेल्या नसतात, आणि अशा नमुन्यावर केलेली ओळख हमखास फसते. साखर आणि पाणी देऊन तिला तीन-चार दिवस जगवावे. सगळ्या माश्या निघाल्या असे वाटल्यावरही बाटल्या फेकू नयेत, कारण परजीवी गांधीलमाश्या बहुधा यजमान माशीनंतर बाहेर पडतात. फोपियस अरिसॅनस आणि डायाकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा यांसारख्या परजीवींची नोंद याच टप्प्यावर होते, आणि तुमच्या दोन हेतूंना जोडणारा दुवा नेमका इथेच आहे: कीडही मिळते आणि तिच्यावर जगणारी विविधताही.

जंगलातील रानफळे वगळू नयेत. बागेतील हंगाम संपल्यावर माशी कुठे जाते, याचे उत्तर पुष्कळदा त्यांतच सापडते. वेलवर्गीय पिकांत फुलेही गोळा करावीत, कारण क्युकर्बिटीच्या अळ्या फळांखेरीज फुलांतही वाढतात. कुजलेल्या फळांतून ड्रोसोफिला गटातील बारीक माश्या भरपूर निघतील. त्या बहुतेक नंतर शिरलेल्या असतात. त्यांची नोंद विविधतेच्या यादीत करावी, नुकसानीच्या नोंदीत करू नये.

उत्तर – पंखाची_शीर

ओळखीविषयी थोडे लिहितो. डॉर्सालिसमध्ये वक्षाचा वरचा भाग बहुधा काळा, कडेला दोन पिवळे पट्टे, उदरावर टी आकाराची काळी खूण आणि पंखाच्या पुढच्या कडेने टोकापर्यंत अखंड तपकिरी पट्टा असतो. झोनाटा तांबूस असते; तिच्या पंखावर हा पट्टा अखंड नसतो, टोकाशी फक्त छोटा डाग दिसतो. करेक्टाच्या पंखावरही तसाच डाग असतो, म्हणून चेहरा पाहावा: झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके असतात, तर करेक्टात ते आडवे पसरून एकमेकांना मिळू पाहतात. क्युकर्बिटी आणि टाऊ यांच्या वक्षावर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो. क्युकर्बिटीत शिवाय पंखातील आडव्या शिरेवर तपकिरी छटा असते.

डॉर्सालिसच्या जवळच्या जातींचा समूह मोठा आहे आणि त्यात केवळ रंगावर विसंबता येत नाही. केनियात २००३ मध्ये सापडलेली माशी २००५ मध्ये बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स या नावाने नवी जात म्हणून वर्णिली गेली आणि २०१५ मध्ये ती डॉर्सालिसच असल्याचे ठरले. डीएनए बारकोडही (जात ओळखण्यासाठी वाचलेला डीएनएचा छोटा ठरावीक तुकडा) या समूहातील अगदी जवळच्या जाती नेहमी वेगळ्या काढू शकत नाही. जिथे खात्री नाही तिथे ‘डॉर्सालिस समूह’ एवढेच लिहावे. तो पूर्णपणे प्रामाणिक आणि उपयोगी निष्कर्ष आहे. जुने अहवाल वाचताना क्युकर्बिटी ही डेकस किंवा बॅक्ट्रोसेरा या प्रजातीनावाखाली आढळेल, कारण झुगोडेकसला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा २०१५ नंतर रूढ झाला.

प्रत्येक जातीचे काही नमुने टाचणीवर आणि काही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवावेत. कोरड्या सापळ्यात आठवड्याहून अधिक काळ पडलेली माशी ठिसूळ होते, तिचे पाय आणि डोके गळते आणि डीएनएही खराब होतो. चिठ्ठीवर तारीख, अधिवास, प्रलोभक आणि फळातून निघाली असल्यास वनस्पतीचे नाव पेन्सिलीने लिहावे. अल्कोहोलमध्ये शाई पसरते.

झुडुपी_अधिवास

सर्वांचे मनापासून आभार. फळे गोळा करण्याचे काम आराखड्यात प्रमुख स्थानी आणले आहे, आणि प्रलोभकांचे आकडे वेगळ्या तक्त्यात जातील. एक शंका उरते. आमच्या पट्ट्यात हिवाळा चांगलाच जाणवतो आणि चाचणीत थंडीतले सापळे जवळजवळ रिकामे राहिले. त्या काळात सापळे काढून ठेवावेत का? आणि भाजीच्या शेतात सापळा मधोमध असावा की कडेला?

उत्तर – कोष_चाळणी

काढू नयेत. उपोष्ण प्रदेशातील सर्वेक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. थंडीत सापळा रिकामा राहण्याची तीन कारणे एकाच वेळी असू शकतात: माश्यांची संख्या खरोखर घटलेली असते, असलेल्या माश्या थंडीने फारशा उडत नाहीत, आणि प्रलोभकाचे बाष्पीभवनही मंदावते. म्हणून हिवाळ्यातील शून्याचा अर्थ ‘माशी नाही’ असा लावू नये. डॉर्सालिसची वाढ १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ थांबते. परंतु कोष जमिनीत तग धरून राहतात आणि प्रौढ माश्या दाट, सदाहरित झाडोऱ्यात आसरा घेतात. रोजचे किमान व कमाल तापमान नोंदवावे, सापळे तसेच चालू ठेवावेत आणि त्या महिन्यांत जी थोडी फळे झाडांवर असतील ती आवर्जून गोळा करावीत. वर्षातील पहिली वाढ कोणत्या अधिवासात दिसते हे लक्षपूर्वक पाहावे, कारण नियंत्रणाचे काम तिथूनच सुरू करावे लागते.

भाजीच्या शेतात सापळे कडेला लावावेत. क्युकर्बिटीच्या प्रौढ माश्या दिवसाचा बराचसा वेळ पिकाबाहेर, बांधावरच्या मका किंवा एरंडासारख्या उंच झाडोऱ्यावर काढतात आणि माद्या अंडी घालण्यापुरत्या पिकात येतात. मधोमध लावलेल्या सापळ्यात कमी नर आले म्हणून शेत सुरक्षित आहे असे समजणे धोक्याचे ठरते. शेजारच्या बागांत कोणी मोठ्या प्रमाणावर मिथिल युजेनॉलचे सापळे लावले आहेत का, याचीही चौकशी करून तारखेसह नोंद ठेवावी. तसे असेल तर तुमच्या सापळ्यांतील नर एकाएकी कमी होतील, मात्र बाहेरून आलेल्या किंवा आधीच मीलन झालेल्या माद्या फळांत अंडी घालतच राहतील. हा फरक दर किलो फळामागील कोषांच्या आकड्यातच दिसेल.