मदत हवी आहे: मॉरिशसमध्ये ऊसवाल्याच्या मताला वजन का नाही?

नमस्कार मंडळी,

एम.ए.च्या प्रबंधासाठी 'साखर आणि सत्ता' असा विषय घेतलाय. मी सांगलीकडचा. कारखान्याचा चेअरमन आणि आमदार एकाच घरातले असायचे, हे आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. मॉरिशसचं वाचायला घेतलं आणि गाडी अडली.

तिथे मोठे मळे आणि कारखाने मुख्यतः मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे, आणि मतं गिरमिटियांच्या (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या) नातवंडा-पतवंडांकडे. १९३७ मध्ये 'उबा' जातीच्या उसाचा भाव कापला म्हणून छोटे शेतकरी युनियन फ्लाकच्या कारखान्यावर गेले, गोळीबारात चौघे मेले. मजूर पक्ष आदल्याच वर्षी निघालेला. १९६८ ला स्वातंत्र्य आलं, शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले, तरी कारखाने मालकांकडेच राहिले. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर घेतला आणि १९७५ पासून युरोप दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर ठरलेल्या भावाने उचलू लागला. सगळ्यांचंच भागलं.

इथवर कळतं. पुढे युरोपने भाव ३६ टक्के उतरवला, २००९ ला ठरलेल्या भावाने साखर उचलण्याचा तो करार संपला. आज उणेपुरे तीन कारखाने चालतात. बड्यांनी चिपाडावर वीज केली, उसाच्या रानात परदेशी गिऱ्हाइकांसाठी बंगले उठवले. छोट्याकडे यातलं काय आहे? फोटोत तिथल्या फडात काळ्या दगडांचे माणसापेक्षा उंच ढीग दिसतात, मजुरांनी हाताने रचलेले. दगड काढल्याशिवाय तोडणी यंत्र आत जात नाही, आणि हाताने तोडायला माणूस मिळत नाही. म्हणून रानं पडीक.

एवढं होऊनही निवडणुकीत ऊस नाही! २०२४ मध्ये शिवसागर यांचे चिरंजीव नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा नेल्या, पण गाजलं काय, तर फोन टॅपिंग आणि महागाई. आमच्याकडे दरासाठी एक चक्का जाम झाला की मंत्री फोनवर येतात. (तिथे उसातून निघालेल्या साखरेपैकी ७८ टक्के शेतकऱ्याची, बाकी कारखान्याची, असा वाटा ठरलेला. हे वाचून हेवाच वाटला.)

माझा अंदाज: पोरं सरकारी नोकरीत नाहीतर हॉटेलांत गेली, रान नावापुरतं राहिलं, म्हणून राग उरला नाही. शिवाय तिकीट समाज बघून मिळतं, पीक बघून नाही. पण हा सांगलीत बसून केलेला अंदाज.

इथे मॉरिशसचे मराठी किंवा तिथे राहून आलेलं कुणी आहे का? घरात अजून ऊस लावता का, की सोडला, आणि कुठल्या साली? भावाची तक्रार आमदाराकडे नेता की सोसायटीकडे? छोट्या शेतकऱ्यांची मतदारसंघवार आकडेवारी कुठे मिळेल तेही सांगा. फ्रेंच येत नाही, इंग्रजी चालेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.