एमएम ५४० ला पुढे मॅन्युअल लॉकिंग हब बसवावेत का?

सिमरोल_शेत (इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा एमएम ५४०, फोर बाय फोर, पुढच्या चाकांना साधे ड्राइव्ह फ्लँज (चाक शाफ्टला कायम जोडून ठेवणारी चकती) आहेत. आठवड्यातले पाच दिवस शहर आणि बायपास, दोन दिवस सिमरोलच्या पुढे शेतावर. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा, तिथे फोर व्हीलशिवाय गाडी हलत नाही. पन्नासच्या वर गेलं की पुढून घुमल्यासारखा आवाज येतो आणि पायाखाली थरथर जाणवते. गॅरेजवाले म्हणतात लॉकिंग हब (फ्लँजच्या जागी बसणारा, चाक शाफ्टपासून हाताने सोडता-जोडता येणारा जोड) टाका, आवाज जाईल आणि अ‍ॅव्हरेज दोन-तीनने वाढेल. हे कितपत खरं? आणि बसवायचेच असतील तर काय काय तपासून घ्यावं?

रामबागकर

तुमचा वापर बघता हब बसवाच, पण आवाजावरचा उपाय म्हणून नको.

आत्ता टू व्हीलमध्येसुद्धा पुढची चाकं फ्लँजमधून अ‍ॅक्सल शाफ्ट फिरवतात, शाफ्ट डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) फिरवतात आणि डिफरन्शियल पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (गाडीखालचा लांब दांडा) फिरवतो. इंजिनचा जोर कुठेच नसतो, तरी एवढं लोखंड बायपासभर फुकट फिरतं. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट), ऑइल सील, पिनियनचे बेअरिंग सगळं झिजतं. हब फ्री केला की चाक फक्त स्वतःच्या बेअरिंगवर फिरतं, बाकी सगळं थांबतं. स्टिअरिंग थोडं हलकं होतं, झीज वाचते. अ‍ॅव्हरेज मात्र दोन-तीनने वाढत नाही. फरक पडतो, पण टायरची हवा कमी-जास्त झाल्याने पडतो तेवढाच. त्या आशेवर पैसे घालू नका.

हब घेण्याआधी एक बिनखर्ची तपासणी करा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही टोकांनी सोडवा. सोडण्याआधी शाफ्ट, योक (क्रॉस धरणारा दुबेळका भाग) आणि स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा दातेरी सांधा) यांच्यावर रंगाच्या खुणा करा. परत बसवताना स्लिप जॉइंटचा एक दाता चुकला तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नसलेली थरथर सुरू होते. मग लिव्हर टू एचमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात) ठेवून बायपासवर चक्कर मारा. थरथर गेली तर दोष क्रॉस किंवा शाफ्टच्या बॅलन्समध्ये. घुमणं तसंच राहिलं तर डिफरन्शियल, चाकाचे बेअरिंग किंवा टायर. चाकाचा बेअरिंग खराब असेल तर हब टाकूनही आवाज येणारच, कारण तो तेव्हाही फिरत असतो. आणि क्रॉस खराब असेल तर हब तो दोष झाकतो. तुम्हाला कळेल ते थेट जुलैत, चिखलात फोर एल (चारही चाकं, कमी वेग-जास्त जोर) लावल्यावर.

चोरल_घाट

रामबागकरांशी सहमत. आता बसवण्याचं सांगतो, कारण नवे हब बिघडतात त्याचं कारण बहुतेक वेळा बसवण्यातच असतं.

विकत घेताना फक्त गाडीचं नाव सांगू नका. जुना फ्लँज काढून दुकानात न्या आणि आतले दाते, बोल्टची संख्या आणि बोल्टच्या गोलाचा व्यास जुळवून बघा. या जुन्या गाड्यांत कुठला अ‍ॅक्सल कधी बदलला गेलाय ते सांगता येत नाही. हबवरचा डायल (लॉक-फ्री करायची चकती) हाताने फिरवा: दोन्ही टोकांना स्पष्ट टक्क असं बसलं पाहिजे. मध्येच घुटमळत असेल तर घेऊ नका.

गाडी जॅकवर नको, घोडीवर घ्या. मागच्या चाकांना अडण लावा. ग्रीस कॅप काढा, शाफ्टच्या टोकाचा लॉक किंवा नट काढा, मग सहा बोल्ट. फ्लँज चिकटलेला असतो, दोन बाजूंनी टॉमीने थोडा थोडा उचकवा. आत दोन मोठे नट आणि मध्ये पत्र्याचा लॉक वॉशर दिसेल. इथे बहुतेक ठिकाणी छिन्नी-हातोडा निघतो. तसं करू देऊ नका. नटाचे कोपरे जातात आणि पुढे बेअरिंग कधीच नीट कसता येत नाही. त्याला खोल सॉकेट मिळतो, तोच वापरा.

बेअरिंग रॉकेलने धुवा, रोलर उन्हात फिरवून बघा. निळसर झाक किंवा खड्डे दिसले तर बदला. ग्रीस भरून आतला नट चाक फिरवत फिरवत कसा, चाक जड व्हायला लागलं की एक षष्ठांश फेरा मागे घ्या. सहा कोनी नट असल्यामुळे मोजायला सोपं: एक कोपरा मागे. मग वॉशर, बाहेरचा नट, आणि वॉशरची कड नटावर दुमडा. चाक वर-खाली धरून हलवा, खडखड नको आणि फिरताना ओढही नको.

आता सर्वात जास्त होणारी चूक. बेअरिंगला ग्रीस भरतात तसं हबमध्ये ठासून भरतात. हबच्या आत स्प्रिंग आणि सरकणारी दातेरी रिंग असते. तिथे ग्रीसचा फक्त पातळ हात हवा. ठासलं की थंडीत ग्रीस घट्ट होतं, रिंग पूर्ण सरकत नाही, दाते टोकावर अडकतात. डायल ‘लॉक’ दाखवतो, पण दाते अर्धेच बसलेले असतात. जोर आला की टोकं तुटतात.

शाफ्टच्या टोकाचा लॉक विसरला तर शाफ्ट आत सरकतो आणि परिणाम तोच. पॅकिंग नवं टाका. बोल्ट किटमधलेच वापरा. जुने लांब पडले तर भोकाच्या तळाला टेकतात: हाताला घट्ट लागतात, पण हब सैल राहतो आणि सगळा जोर बोल्टवर येऊन ते कापले जातात. आट्यांना थ्रेडलॉक लावा आणि १०० किमीनंतर परत कसा.

तपासणी: एक चाक उचला, दुसरं जमिनीवर, दोन्ही हब लॉक, लिव्हर फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद. उचललेलं चाक हाताने फिरता कामा नये. मग तेच चाक फ्री करा, सुळकन फिरलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला हेच परत.

सिमरोल_शेत (इंदूर)

फारच उपयोगी. प्रॉपेलर शाफ्टची तपासणी या रविवारीच करतो. एक शंका राहिली: चिखलाच्या तोंडाशी पोचल्यावर उतरून हब फिरवायचे का? आणि परतताना विसरलो तर?

फोर_एल

चिखलाच्या तोंडाशी नाही दादा, घरूनच. शेताच्या दिवशी निघतानाच दोन्ही हब लॉक करा आणि लिव्हर टू एचमध्ये ठेवून डांबरी रस्त्याने जा. काही बिघडत नाही, तेव्हा गाडी तुमच्या आत्ताच्या फ्लँजसारखीच चालते. चिखल आला की आतूनच लिव्हर ओढा. कोरड्या डांबरावर फोर एच मात्र लावू नका. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांनी कापलेलं अंतर सारखं नसतं, सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये (जोर पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) साठतो.

विसरण्याचा धोका उलट्या बाजूने आहे. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर डिफरन्शियल सगळी फिरकी फ्री बाजूला देतो आणि पुढची चाकं गाडी ओढतच नाहीत. दोन्ही फ्री ठेवून फोर एल लावलं तर सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर जातो. काळ्या मातीत तिथेच शाफ्ट तुटतो.

परतताना टू एच करून चार-पाच मीटर मागे घ्या, ताण सुटतो, मग डायल बोटांनी फिरतो. पक्कड कधीही लावू नका. फिरत नसेल तर गाडी हातभर ढकला, दाते समोर येतात.

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हब लॉक करून टू एचमध्येच १५-२० किमी चालवा. पुढचा अ‍ॅक्सल फिरला नाही तर वरच्या बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही, सील सुकतात.

आणि काढलेले दोन्ही फ्लँज भंगारात देऊ नका. त्यांचे जुने बोल्ट, दोन पॅकिंग आणि लॉक काढायची पक्कड एका डब्यात घालून सीटखाली ठेवा. चिखलात हब तुटला तर फ्लँज बसवून अर्ध्या तासात बाहेर पडता येतं.