मदत हवी आहे: तालुक्याच्या वाचनालयात नवी पुस्तके वेळेवर कशी मिळवावीत?

मी आमच्या तालुक्यातील शासनमान्य ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा सभासद असून, वर्गणी व अनामत नियमित भरलेली आहे. ज्या नव्या कादंबऱ्यांची सर्वत्र चर्चा असते, त्यांची येथे एकच प्रत येते, आणि ती परत आल्यावर समोर उभ्या असलेल्या वाचकाला दिली जाते. क्रमवारीची नोंद ठेवलीच जात नाही. गेल्या ४ महिन्यांत मी सूचनावहीत तीनदा मागणी लिहिली आणि ग्रंथपालांना दोनदा भेटलो. ते मनापासून मदत करू इच्छितात, परंतु अनुदानाचा हप्ता येईपर्यंत दुसरी प्रत घेणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

जिल्हा ग्रंथालय ६० किलोमीटर दूर असल्याने दर पंधरवड्याला जाणे जमत नाही. पुस्तक घरातील ज्येष्ठांसाठी हवे असल्यामुळे ई-पुस्तकाचा पर्याय कृपया सुचवू नये. विकत घेऊन वाचनालयास भेट देण्याची माझी तयारी आहे, मात्र प्रत्येक पुस्तकाच्या बाबतीत ते परवडणारे नाही.

आपल्यापैकी कोणी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असल्यास कृपया सांगावे: मागणीची क्रमवार नोंदवही सुरू करण्याचा ठराव कार्यकारिणी स्वतःच्या अधिकारात करू शकते का, आणि जिल्हा ग्रंथालयातील प्रत आमच्या वाचनालयामार्फत मागवायची असेल, तर अर्ज नेमका कोणाकडे करावा?