माइनक्राफ्ट इतकी वर्षं टिकला तो कशामुळे?

दगडफोड्या (धागाकर्ता)

मे २००९मध्ये स्टॉकहोमच्या मार्कुस पेर्सोनने माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगात खोदण्या-बांधण्याचा गेम अर्धवट अवस्थेतच लोकांपुढे ठेवला. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ची. २०२३मध्ये विक्री ३० कोटी प्रतींच्या पुढे गेली. मधल्या काळात याच्यापेक्षा देखणे किती गेम आले आणि विस्मरणात गेले. हा टिकला, कारण ‘यात काहीही बांधता येतं’, असं बहुतेक जण म्हणतात. मला हे कारण अपुरं वाटतं. काहीही बांधू देणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी कोणी रात्री जागवत नाही.

माझं म्हणणं, गेम टिकला तो त्याच्या नियमांवर. झाडाचा बुंधा तोडा, वरचा भाग हवेत तसाच राहतो. वाळू आणि खडी मात्र आधार काढला की खाली येते. एवढं कळलं की माणूस त्याचा उपयोग करायला लागतो. तळ्याच्या तळाशी खोली हवी असेल तर वरून वाळू टाकत सगळी जागा भरून काढायची, भोवती काचेच्या भिंती आणि वर छप्पर घालायचं, मग आतली वाळू उपसायची. उपसतानाही एक युक्ती आहे. रांगेतला सगळ्यात खालचा ठोकळा फोडून तिथे झटकन मशाल लावली की वरची अख्खी रांग मशालीवर पडून आपोआप फुटते. गेममध्ये हे कुठेही शिकवलेलं नाही. वाळू पडते आणि मशाल पूर्ण ठोकळ्याइतकी जागा व्यापत नाही, या दोन साध्या नियमांतून ते निघतं. असं काही स्वतःला सापडलं की गेम सोडवत नाही.

कोळशाची_खाण

असहमत. गेम खेळाडूंनी टिकवला, आणि ते श्रेय त्यांनाच मिळायला हवं. पिस्टन, म्हणजे ठोकळे ढकलणारं यंत्र, हा आधी एका खेळाडूने केलेला मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली भर, होता. २०११मध्ये, बीटा १.७ या चाचणी आवृत्तीत तो मूळ गेममध्ये आला. २०१३च्या १.६ आवृत्तीतले घोडेसुद्धा एका मॉडकर्त्याच्या मदतीने आले. यूट्यूबवर हजारो लोकांनी पदरमोड करून व्हिडिओ केले नसते, तर हा गेम पोराटोरांपर्यंत पोचलाच नसता. मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये गेमची कंपनी घ्यायला अडीच अब्ज डॉलर मोजले ते वाळूच्या नियमासाठी नव्हे, या गर्दीसाठी. माझ्या मुलीच्या मैत्रिणी तर गेम खेळतात कमी आणि बघतात जास्त.

दगडफोड्या

पिस्टनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो मूळ गेममध्ये इतका चपखल का बसला? कारण त्यालाही मर्यादा आहेत. एका वेळी १२च ठोकळे ढकलतो, ऑब्सिडियन हा कठीण दगड हलवत नाही. रेडस्टोनचं, म्हणजे गेममधल्या विजेचंही तसंच. सिग्नल १५ ठोकळ्यांपर्यंत जातो, पुढे न्यायचा तर रिपीटर लावावा लागतो. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर लावलीय त्याला सिग्नल दिला की ती विझते, म्हणजे आयता नॉट गेट, सिग्नल उलटा करणारा संगणकाचा घटक. यावर लोकांनी चालणारे संगणक उभे केले. खेळाडूंनी पुष्कळ केलं हे खरंच, पण करायला पाया होता म्हणून केलं.

सांजसकाळ

मला मूळ प्रश्नच पटत नाही. ‘टिकला’ म्हणजे काय? माझ्या ओळखीतला प्रत्येक जण एकाच फेऱ्यातून जातो. अचानक लहर येते, दोन आठवडे झपाटल्यासारखा खेळतो, हिरे मिळतात, ड्रॅगन मारून होतो आणि पुढे काय करायचं हे कळेनासं होतं. मित्रांनी मिळून खेळायचा सर्व्हर ओस पडतो. गेमने पुढचं काम द्यायला हवं, ते तो देत नाही. विक्रीचा आकडा मोठा आहे म्हणून ओढ टिकाऊ आहे असं होत नाही.

पाणवठा

@सांजसकाळ, पण परत येतात ना ती माणसं? बाकीच्या ऑनलाइन गेममध्ये काही महिने गेलं नाही की सीझन संपलेला असतो, बक्षिसं हुकलेली असतात, सगळे पुढे गेलेले असतात. इथे जग आपल्याच संगणकावर, सोडलं तसं असतं. २०२१च्या अखेरीस १.१८ आवृत्ती आली तेव्हा मी माझं जुनं जग उघडलं. पूर्वी जिथे बेडरॉक हा न फुटणारा दगड लागून खोदाई संपायची, त्याच्याखाली आणखी ६४ थर आले होते. घर, शेत, पेट्या जागच्या जागी, आणि घराखाली न पाहिलेल्या गुहा! त्या आठवड्यात मी दुसरं काही खेळले नाही. तुम्ही ज्याला सोडून जाणं म्हणता, ती मला या गेमने दिलेली मोकळीक वाटते.

रूळदुरुस्ती

नियमांबद्दल धागाकर्त्याशी सहमत, म्हणूनच माझी तक्रार मोठी आहे: हेच नियम कंपनीने पातळ केले. २०१६च्या १.९मध्ये इलायट्रा, म्हणजे उडायचे पंख, आले. त्याआधी अंतराला किंमत होती. दूरच्या गावाला जायचं तर रूळ टाकायचे, गाडीला वेग देणाऱ्या पॉवर्ड रेलसाठी सोनं शोधायचं, डोंगर लागला की बोगदा काढायचा. नेदर या गेममधल्या पाताळातला एक ठोकळा म्हणजे वरच्या जगातले आठ, हा हिशेब मांडून तिथून रस्ते न्यायचे. वाटेत स्टेशनं व्हायची, स्टेशनाभोवती वस्ती. आता पंख लावले, वेगासाठी फटाके उडवले की पोचलात. रस्त्याची गरज संपली, मग रस्त्यामुळे जे बांधलं जायचं तेही थांबलं.

गेममधल्या गावकऱ्यांशी देवाणघेवाण तर त्याहून वाईट. अवजारं आपोआप दुरुस्त करणाऱ्या मेंडिंगचं पुस्तक हवं म्हणून लोक तासन् तास गावकऱ्याचं लेक्टर्न (पुस्तक ठेवायचं मेज) फोडतात, परत ठेवतात, गावकरी काय विकतोय ते बघतात, परत फोडतात. यात शोध कसला आलाय?

दगडफोड्या

@रूळदुरुस्ती, इलायट्राबद्दलचं दुःख कळतं. पण संगणकावरच्या जावा आवृत्तीच्या लाँचरमध्ये (गेम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुनी आवृत्ती निवडता येते. बीटा १.७.३ आजही चालते. नव्या आवृत्तीतच खेळायचं असेल तर एंड या ड्रॅगनच्या जगातल्या जहाजातून पंख आणायचेच असं बंधन नाही. आमच्या सर्व्हरवर पंख वापरायचे नाहीत असं सर्वानुमते ठरलंय, आणि रेल्वे जोरात चालू आहे. दोन बेटांना जोडणाऱ्या पुलावर सध्या काम सुरू आहे.

रूळदुरुस्ती

बीटा मी खेळतो, पण तिथे सोबतीला कोणी येत नाही; मित्र नव्या आवृत्तीवर असतात. आणि तुमच्या सर्व्हरचा नियम गेमने केलेला नाही, तुम्ही केलाय. तुमची रेल्वे त्या ठरावावर चालते. तिथल्या कोणी एकाने पंख लावले तर पूल अर्धाच राहील.

कोळशाची_खाण

हेच मी वर म्हणत होते. ठराव करणारे खेळाडू, पाळणारे खेळाडू, पूल बांधणारेही खेळाडूच. नियम चांगले होते हे मान्य, पण ते आज राखतंय कोण?